फराहबागेची कमान चुन्यात बांधताना : कामाच्या नोंदी

या नोंदी रोज संध्याकाळी वहीत लिहिल्या, त्या थोड्या नीट करून देते आहे. फराहबाग म्हणजे नगरचा (अहमदनगर, आताचं अहिल्यानगर) निजामशाहीतला महाल. काम असं : तिची एक दर्शनी बाजू, म्हणजे मधली मोठी कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक असलेल्या लहान कमानी, खऱ्या चुन्यात आणि खडीत बांधून शाळेच्या इतिहासाच्या वर्गात ठेवायची. पुढ्यात तलावाचा तुकडा, त्यात खरं पाणी. थर्माकोलची मॉडेलं आमच्या कपाटावर बरीच आहेत, पण फराहबागेच्या भिंतीला हात लावल्यावर जे कळतं ते त्यांत नाही. तुमच्या गावातल्या गढीचं किंवा पडक्या वाड्याचं असं काही करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

२ डिसेंबर

आठवीच्या नऊ मुलांना घेऊन फराहबाग. जागा लष्कराच्या हद्दीकडची, शेजारी रणगाड्यांचं संग्रहालय. मुलं संग्रहालयात तीन-तीनदा येऊन गेलेली, इकडे एकही नाही. तलाव कोरडा, गवत माजलेलं. त्या खोलगट जागेच्या मधोमध अष्टकोनी महाल. बाहेरून छप्पर सपाट दिसतं, आत मधल्या दालनावर मात्र घुमट आहे. मुलं आत जाऊन वर पाहतात आणि आपोआप हळू बोलायला लागतात.

गिलावा सुटलेल्या जागी आतला ओबडधोबड दगड आणि चुना उघडा पडलाय. एका मुलाने खाली पडलेला गिलाव्याचा तुकडा खिशात घातला होता. तो होता तिथे परत ठेवायला लावला. आमचा पहिला नियम तोच ठरला : इथून काहीही न्यायचं नाही, खडासुद्धा नाही.

फोटो भरपूर काढले. मोजपट्टी लावली नाही. म्हणून मॉडेलचं प्रमाण मी कुठेही आकड्यात लिहिलेलं नाही. उंची आणि रुंदी यांचं एकमेकांशी नातं सांभाळायचं, एवढंच ठरवलं.

१० डिसेंबर

चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, मिळवण्यात चार दिवस गेले. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती सफेदीची भुकटी. ती हवेत राहून आधीच मेलेली असते, बांधकामाला चालत नाही. पहिल्या खेपेला मी तीच दोन पोती आणली, ३६० रुपये वाया. शेवटी साखर कारखान्यांना चुना पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे चुनकळी मिळाली. उसाचा रस निवळायला कारखान्यात चुना लागतो, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात तो सापडतोच, फक्त विचारायचं कुठे ते कळायला हवं. २५ किलो, ५०० रुपये.

आज तो विरवला, म्हणजे पाण्यात सोडून फोडला. मुलांना लांब गच्चीवर उभं केलं. आधी पाणी, मग त्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची. चुनकळीवर पाणी ओतलं तर अंगावर उसळतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, तरी मनगटावर एक शिंतोडा आलाच. पाणी रटरटायला लागलं आणि दोन मिनिटांत प्लॅस्टिकच्या पिंपाची एक बाजू मऊ होऊन बाहेर फुगली. घाईने सगळं पत्र्याच्या टाकीत ओतलं. पिंप गेलं. चुना विरवायला पत्र्याचंच भांडं घ्या.

१४ डिसेंबर

कमानीचा साचा प्लायवर काढून कापला. भिंतीला टेकवून मागे जाऊन पाहिलं तर चर्चची खिडकी वाटावी असा आकार. मी दोन केंद्रांवरून दोन कंस काढले होते. फराहबागेची कमान तशी नाही. ती पायाशी पटकन वळते, मग वर टोकापर्यंत जवळजवळ सरळ जाते. त्यासाठी चार केंद्रं लागतात : दोन जवळची, खालच्या वळणाला, दोन लांबची, कमानीच्या पायरेषेच्याही खाली, वरच्या भागाला. चार खिळे आणि एक दोरी, एवढ्यावर होतं. खिळे कुठे मारायचे हे मात्र फोटोवरून सात-आठ वेळा करून पाहिल्याशिवाय कळलं नाही.

१९ डिसेंबर

दुसरा साचाही चुकला. यावेळी आकार बरोबर, पण कमान बुटकी. फोटोत दिसते तशीच काढली होती. चूक फोटोतच होती. अख्खी बाजू मावावी म्हणून मी मोबाइलवर रुंद भिंग लावलं होतं आणि मान वर करून जवळून फोटो काढला होता. तसं केलं की वरचा भाग आखडतो.

पुन्हा गेले. तलावाच्या पलीकडच्या काठावर, शक्य तेवढं लांब उभं राहून दुप्पट झूमवर, मोबाइल सरळ धरून सहा फोटो काढले. त्यावरून तिसरा साचा. आधीचे नऊ दिवस आणि प्लायचा एक तुकडा गेला.

२६ डिसेंबर

कमानीसाठी दगड कसले? साध्या विटा ग्राइंडरने कापून पाहिल्या, निम्म्या फुटल्या. मातीच्या छोट्या विटा मुलांनी पाडल्या, त्या वाळताना तडकल्या. शेवटी शाळेच्या जुन्या शेडवरून उतरवलेली मंगलोरी कौलं पडून होती, ती टाइल कापायच्या यंत्राने पट्ट्यांमध्ये कापली. पातळ, सारखी, घट्ट भाजलेली. छोट्या कमानीला याहून चांगलं काही सापडलं नाही आणि पैसेही पडले नाहीत. भिंतीला सहा मिलिमीटरची काळी खडी. मूळ वास्तूही दगड आणि चुन्याचीच, त्यामुळे खडी शोभते.

२८ डिसेंबर ते ३ जानेवारी

बांधकाम. चुना अठरा दिवस पाण्याखाली मुरलेला. एक भाग चुना, दीड भाग चाळलेली वाळू, अर्धा भाग सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, ती मुलांनी खलबत्त्यात कुटली. रोज शाळा सुटल्यावर दीड तास काम. मधली कमान चौदा इंच रुंद. साच्यावर दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावत आलो आणि शेवटी टोकाचा तुकडा थापीच्या दांड्याने ठोकून बसवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

८ जानेवारी

साचा काढला आणि कमान पडली.

लगेच नाही. साचा अडकला होता म्हणून मी तो हलवून ओढला. कमान दोन-तीन सेकंद उभी राहिली. मग उजवा पाय बाहेर सरकला आणि सगळं खाली आलं. एक मुलगी रडली. मलाही त्या दिवशी घरी जाऊन काही सुचलं नाही.

११ जानेवारी

भिंगारच्या एका जुन्या गवंड्यांना गाठलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी वडिलांबरोबर चुन्याच्या घाणीवर बैल हाकलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी ढिगारा पाहिला, एक पट्टी उचलून तिला चिकटलेला चुना नखाने खरवडला.

"चुना कच्चा हाय, ते नंतर बघू. बाई, कमान खाली पडत नाही, बाजूला पळते. तुम्ही तिला धरायला कोण ठेवलं व्हतं?"

कोणीच नाही. बाजूच्या भिंती नंतर बांधायच्या असं मी ठरवलं होतं, कारण मोठी कमान आधी उभी राहिली तर मुलांना हुरूप येईल. मामांनी माझ्या मोबाइलवरचा फराहबागेचा फोटो बघितला आणि मोठ्या कमानीच्या दोन्ही अंगांच्या लहान कमानींवर बोट ठेवलं. "ह्ये खांदे. ह्ये आधी."

मी त्या लहान कमानी वर्षानुवर्षं शोभेच्या समजत होते. मोठी कमान बाहेर ढकलते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा जाड भाग तो रेटा पोटात घेतो. खालीवर रचलेल्या लहान कमानींमुळे त्या जाड भागात सावलीची जागा मिळते, बसायला कोनाडे होतात आणि वजनही पुरेसं राहतं. पुस्तकातल्या आराखड्यावरून मला हे एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, साच्याखाली पाचरी हव्या होत्या. पाचर सैल केली की साचा दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतो, कमान आपलं वजन आपण घेते, मग साचा अलगद निघतो. ओढायचा नसतो.

१२ जानेवारी

उरलेली भिंत मी स्वतः पाडली. मुलं नाराज. त्यांना तेव्हा फराहबागेचीच गोष्ट सांगितली. हा महाल एका दमात झालेला नाही. मुर्तजा निजामशहाच्या काळात चंगीझखान या त्याच्या सरदाराने काम काढलं, पुढे निआमतखानाने ते तडीला नेलं, पण बादशहाला ते पसंत पडलं नाही. मग पाडून नव्याने बांधायचं काम सलाबतखानाकडे गेलं आणि १५८३ मध्ये आज दिसतो तो महाल पुरा झाला. मुलांचा पहिला प्रश्न : "निआमतखानाला किती वाईट वाटलं असेल?" इतिहासाच्या तासाला हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

२६ जानेवारीच्या प्रदर्शनात मॉडेल ठेवायचं होतं, ते हुकलं. मुख्याध्यापकांकडून १ मेची तारीख मागून घेतली. निकालाच्या दिवशी पालक येतातच.

१५ जानेवारी

चुन्याचा निकाल. मामांनी दोन बोटांच्या चिमटीत चुना चोळून दाखवला. लोण्यासारखा लागला पाहिजे. आमच्या चुन्यात बारीक खडे लागत होते. हे खडे म्हणजे नीट न विरलेली कळी. ती भिंतीत गेली की महिन्या-दोन महिन्यांनी ओल धरून फुगते आणि गिलाव्याला फोड येतात. ८ तारखेला पडली नसती तर आमची भिंत मार्चमध्ये फोडांनी भरली असती.

सगळा चुना पातळ करून आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळला. वर चार बोटं पाणी ठेवून टाकी झाकली. ती पाच आठवडे उघडायची नाही.

फेब्रुवारी, मधले दिवस

चुना मुरतोय तोवर माणसांकडे वळलो. महाल कुणाचा होता हे लिहायचं तर फक्त राजाचं नाव लिहून भागत नाही.

मुर्तजा १५६५ मध्ये लहान वयात गादीवर आला. पहिली काही वर्षं कारभार त्याची आई खुंझा हुमायून हिच्या हाती होता. १५६९ मध्ये त्याने तिला बाजूला केलं. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकली, म्हणजे सुरुवात पराक्रमाची. पुढे मात्र तो माणसांतून उठला. वर्षानुवर्षं एकांतात राहिला, दरबार भरवायचा नाही, सरदारांना भेटायचं नाही. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. फराहबागेत तो फत्तेशाह नावाच्या दिल्लीकडच्या गाणाऱ्या व्यक्तीबरोबर बुद्धिबळ खेळत बसायचा आणि तिच्यासाठी बागेत लाकडी महाल बांधला होता, तो लकड महाल.

राज्य चालवत होता सलाबतखान. मुलांना त्याची एक गोष्ट सांगितली, त्या काळच्या फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलेली. बादशहाची मर्जी फिरली आणि त्याने सलाबतखानाला कैदेत जायला फर्मावलं. फौज, खजिना, माणसं सगळं सलाबतखानाच्या हातात होतं. त्याने स्वतःच्या पायात बेड्या घालून घेतल्या आणि पालखीत बसून कोकणातल्या दंडाराजपुरीच्या किल्ल्याच्या वाटेला लागला. शहराच्या पूर्वेला डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते, जिला सगळं नगर चाँदबिबीचा महाल म्हणतं, ती खरं तर याच सलाबतखानाची कबर आहे. आमच्या नऊपैकी आठ मुलांना हे माहीत नव्हतं. ज्याने फराहबाग आजच्या रूपात उभी केली त्याच्या कबरीलाही त्याचं नाव राहिलेलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून मॉडेलच्या पाटीवर त्याचं नाव बादशहाच्या नावाएवढ्याच अक्षरात लिहायचं ठरलं.

चाँदबिबी मुर्तजाची बहीण. तिने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला, तेव्हा फराहबाग पुरी होऊन बारा वर्षं झाली होती.

२२ फेब्रुवारी ते १० मार्च

दुसरं बांधकाम. टाकी उघडली तेव्हा वर पाणी आणि खाली दह्यासारखा चुना. मामा रोज येऊन खुर्ची टाकून बसत, हात मात्र लावत नसत. आधी खांदे, खालच्या लहान कमानी, मग वरच्या, मग मधली मोठी. प्रत्येक साच्याखाली चार पाचरी. ओळंबा दर तीन इंचांनी. एका मुलाने ओळंब्याऐवजी दोरीला नट बांधला होता आणि तो माझ्या पितळी ओळंब्याइतकाच सरळ होता.

यावेळी साचे तीन आठवडे तसेच ठेवले.

३१ मार्च

पाचरी सैल केल्या. नऊ मुलं, मामा, मी आणि शिपाई काका. साचा किंचित खाली उतरला आणि साचा व कमान यांच्यामध्ये दोऱ्याएवढी फट दिसली. त्या फटीतून पलीकडचा उजेड आला. कोणी काही बोललं नाही. मामांनी वाकून फटीत बघितलं आणि म्हणाले, "बसली."

एकूण दोन ठिकाणी केसाएवढी चीर, दोन्ही खांद्यात. गिलाव्याआधी ती चुन्याने भरली.

२ ते १२ एप्रिल : गिलावा

इथे सर्वात जास्त चुकलो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला हात एकदम अर्ध्या इंचाचा दिला. दुसऱ्या दिवशी जाळीसारख्या भेगा. नगरचा एप्रिल. वर्गाच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येत होतं. चुना सिमेंटसारखा नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवा पीत पीत घट्ट होतो आणि त्यासाठी त्याच्यात ओल टिकावी लागते. झपाट्याने वाळला तर तो खडूसारखा होतो, बोट लावलं की पांढरं. सगळा हात खरवडून काढला. दोन दिवस गेले.

दुसऱ्या वेळी एका हाताला फक्त पाच मिलिमीटर. भिंत आधी पाणी शिंपडून भिजवायची, गिलावा द्यायचा, वर ओलं गोणपाट, पण भिंतीला चिकटलेलं नाही, काठ्यांवर तंबूसारखं. दिवसातून चार वेळा पाणी. सुट्टीच्या दिवशी एक मुलगा सायकलवरून येऊन पाणी मारून जायचा, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी चूक गुळाची. मामांनी सांगितलं होतं की गिलाव्याच्या पाण्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरडा भिजवून घालतात, त्याने चुना चिवट होतो. किती घालायचा हे मी नीट विचारलं नाही. अर्धा किलो गूळ घातला. सकाळी आलो तर फराहबागेवर मुंगळ्यांची रांग, पायथ्यापासून वरच्या कमानीपर्यंत. तो हात तीन दिवस चिकटही राहिला. तोही काढला. पुढच्या हाताला पाण्याची गोडी जिभेला जेमतेम कळेल इतकाच गूळ आणि हिरडा थोडा जास्त. मुंगळे आले नाहीत.

शेवटचा हात चुना आणि संगमरवराची पूड, साईसारखा पातळ. हा अर्धवट ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचा. आम्ही नदीतले गोटे वापरले. एका हातभर जागेला चाळीस मिनिटं लागतात. घोटता घोटता एक क्षण असा येतो की पांढऱ्या पृष्ठभागावर खिडकीची चौकट दिसायला लागते. मुलांना तो क्षण इतका आवडला की गोटा कोणाच्या हातात यावर भांडणं झाली आणि पाळ्या लावाव्या लागल्या.

१५ एप्रिल

सिमेंट. सहकारी शिक्षक म्हणाले, उरलेला मागचा भाग सिमेंटने उरका, दिसणार थोडाच. उरकला असता तर आठवडा वाचला असता. नाही केलं. सिमेंट चुन्याला श्वास घेऊ देत नाही. आतली ओल अडते आणि मागून गिलावा सुटतो. जुन्या वाड्यांच्या डागडुजीत हेच दिसतं : सिमेंटचा ठिगळ टिकतो आणि त्याच्या शेजारचा चारशे वर्षांचा चुना गळून पडतो. मुलांनी निदान मॉडेलमध्ये तरी ते बघायला नको.

१८ एप्रिल

तलावासाठी प्लायचा हौद करून त्याला रंग मारला होता. पाणी भरलं, रात्रीत गळून गेलं आणि ते नुसतं गळलं नाही, भिंतीच्या पायथ्याने वर चढलं. घोटलेल्या पांढऱ्यावर चार बोटं उंचीची ओली रेघ, वाळल्यावर तिच्यावर क्षाराची बुरशीसारखी पांढरी लव. फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचा हौद करून घेतला, १,४०० रुपये. भिंत आणि हौद यांच्यामध्ये डांबरी फेल्टची पट्टी. आतून हौदाला काळा रंग. लव कोरड्या ब्रशने झाडून काढली. पाण्याने पुसली असती तर क्षार परत आत गेले असते.

पाणी भरलं. कमान पाण्यात उलटी दिसली, टोकाला टोक. फराहबाग पाण्यातच का बांधली हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

२१ एप्रिल

माणसं. मुलांना राजा सिंहासनावर हवा होता. जो माणसांना तोंड दाखवत नव्हता त्याला दर्शनी ओट्यावर बसवायचं कसं? बराच वेळ बोलणं झालं. शेवटी वरच्या डाव्या कोनाड्यात, सावलीत, मातीचे दोन छोटे पुतळे आणि मध्ये बुद्धिबळाचा पट. बोटाच्या पेराएवढा. वाकून बघितलं तरच दिसतो. सलाबतखान खाली, महालाकडे जाणाऱ्या वाटेवर, उभा.

कपड्यांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे असलेल्या 'तारीफ-इ-हुसैनशाही' या नगरच्याच हस्तलिखितातल्या चित्रांच्या छापील प्रती बघितल्या. त्यात मुर्तजाचे आईवडील आहेत. आईची, खुंझा हुमायूनची, आकृती मात्र पुढे कोणीतरी रंगाने झाकून टाकलेली. बादशहाच्या शेजारी नुसता एक डाग. मुलींनी ते चित्र बराच वेळ हातात ठेवलं. त्यांच्या आग्रहाने पाटीवर एक ओळ वाढली : 'मुर्तजाच्या लहानपणी राज्य चालवणारी खुंझा हुमायून'.

२४ एप्रिल

पाटीतली चूक. मजकुरात मी लिहिलं होतं की १५८८ मध्ये मुर्तजाला 'इथेच' त्याच्या मुलाने, मीरान हुसैनने, हमामखान्यात कोंडून आग लावून मारलं. 'इथेच' शब्द कशाच्या आधारावर लिहिला असं एका मुलाने विचारलं. आधार दाखवता आला नाही, शब्द काढला. बाकीचं ठेवलं. फिरिश्ता तेव्हा नगरमध्येच पहाऱ्यावर होता आणि मीरान हुसैन त्याचा शाळासोबती असल्यामुळे त्याचा जीव वाचला. पुढच्या वर्षी तो विजापूरला गेला. मुलांना त्यातला 'शाळासोबती' हा शब्द फार लागला.

२६ एप्रिल : हिशोब

चुनकळी, वाळू, खडी, संगमरवराची पूड मिळून १,५५० रुपये. प्लाय, खिळे, पाचरी ९००. हौद १,४००. फेल्ट आणि रंग ३५०. वाया गेलेलं : सफेदीची पोती ३६०, पिंप ४५०, पहिल्या हौदाचा प्लाय ६००. कुंभारकाम ५००, ते खाली येतं आहे. एकूण ६,११०. मामांनी पैसे घेतले नाहीत, त्यांना धोतरजोडी दिली. वेळ पाच महिने. त्यातला जवळजवळ दीड महिना चुका निस्तरण्यात आणि पाच आठवडे चुना मुरण्यात. दुसरा आकडा कमी होऊ शकत नाही, पहिला या नोंदी वाचून व्हावा.

२८ एप्रिल

एकीने विचारलं, तलाव बादलीने भरायचे का? नगर म्हणजे खापरी नळांचं गाव. लांबून मातीच्या भाजलेल्या नळांमधून, एकात एक अडकवून, वर बांधकामाचं कवच करून पाणी शहरात आणि बागांमध्ये आणलेलं. ते मॉडेलमध्ये नसेल तर तलाव खोटा. भिंगारच्या कुंभाराकडून बोटभर लांबीचे वीस नळ करून घेतले, एक टोक निमुळतं. भट्टीत तीन फुटले. सांध्यांना चुना, तेल आणि कापूस एकत्र मळून लावला.

पहिल्यांदा वरच्या मडक्यात पाणी ओतलं तर ते मधल्या सांध्यातून वर आलं. उतार डोळ्याने दिला होता. गवंड्यांची पाणीनळी, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून बघितलं तेव्हा सातवा नळ सहाव्यापेक्षा उंच निघाला. नळांखाली कौलाच्या चकत्या सरकवून प्रत्येक सांधा पुन्हा केला.

३० एप्रिल

उद्या निकाल. संध्याकाळी सगळी मुलं थांबली. मडक्यात पाणी ओतलं. आधी काहीच झालं नाही, मातीचे नळ कोरडे होते, ते पाणी पीत राहिले. मडकं तीनदा भरलं. सतराव्या नळाच्या तोंडाशी माती काळपट झाली, मग थेंब जमला, पडला. तलावातली कमान हलली आणि पुन्हा जुळायच्या आत दुसरा थेंब पडला.